तीनचाकी एटीसी पाण्यात घालण्यापूर्वी

टेक्सास-लुइझियानाच्या पट्ट्यात जमीन घेतलेल्या, किंवा शनिवार-रविवार जंगलात काढणाऱ्या आपल्या काही मंडळींच्या गॅरेजमध्ये हल्ली एखादी जुनी होंडा एटीसी (ऑल टेरेन सायकल) उभी दिसते. तीन जाडजूड बलून टायर, मोटारसायकलचं हँडल, मागे सलग एक्सल. रस्त्यावरची रिक्षा वेगळी, ही वेगळी. ही चिखल, वाळू, बर्फ आणि उथळ पाण्यासाठी केलेली गाडी. घेतल्यावर पहिल्याच पावसाळी आठवड्यात प्रश्न येतो: ओढा ओलांडता येईल का? किती खोल? आणि त्यासाठी काय काय सील करायचं?

हे सगळं करता येतं, फार खर्चिकही नाही. पण मशीन हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट वयाची. होंडाने १९७० साली अमेरिकेत ‘यूएस-९०’ नावाने हे मॉडेल आणलं, पुढे त्याचंच नाव एटीसी झालं. १९८०च्या दशकात ११०, १८५एस, २००एस, २००एक्स, ‘बिग रेड’, २५०आर अशी रांगच लागली. यामाहा आणि कावासाकीही उतरले. अपघात वाढले, मुलं मोठ्या संख्येने जखमी झाली, आणि १९८८ मध्ये कंपन्या आणि अमेरिकी सरकार यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८च्या कायद्याने तर नवीन तीनचाकी एटीव्ही (कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या अशा गाड्या) आयात करायला आणि विकायलाच बंदी घातली. म्हणजे या जपानी गाड्यांपैकी आज तुम्हाला मिळेल ती किमान पस्तीस-चाळीस वर्षं जुनी असणार. कंपनीने दिलेली रबरं, सील, नळ्या तेवढ्याच जुन्या. विकणारा म्हणेल, “ही पाण्यातून कायम जाते.” जात असेल. १९८५ साली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि बहुतेक नवखे नेमकी तीच विसरतात. खोल पाण्यात ही गाडी बुडण्याच्या आधी तरंगते.

आकडे बघा. जुन्या एटीसीवर २२×११-८ हे माप सर्रास आढळतं: २२ इंच उंच, ११ इंच रुंद, ८ इंची रिम. अशा एका टायरमध्ये साधारण पन्नास ते साठ लिटर हवा मावते. तीन टायर मिळून दीडशे लिटरच्या वर. पूर्ण बुडालेला एक लिटर हवेचा भाग एक किलो वजन उचलतो. २०० सीसीच्या गाडीचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास, वर तुम्ही पंचाहत्तरचे. म्हणजे दोनशे किलोपैकी दीडशे किलो पाणीच उचलून धरतं. पाणी नुसतं एक्सलपर्यंत, म्हणजे अकरा इंच आलं, तरी सत्तर-ऐंशी किलो वजन जमिनीवरून गेलेलं असतं. टायरच्या माथ्यापर्यंत आलं की इंजिन, फ्रेम आणि तुमचे पायही थोडं पाणी ढकलतात, आणि पकड नावापुरती उरते. मग इंजिन कितीही व्यवस्थित चालो, चाकं नुसती पाणी घुसळत राहतात. पुढचं चाक वळवलं तरी गाडी वळत नाही.

म्हणून स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला वरून हवा देणारा उंच पाइप, छातीपर्यंत नेला तरी गाडी छातीभर पाण्यात न्यायची नसते. सीलिंग करायचं ते खड्ड्यात अचानक चाक गेलं, लाट उसळली, गाडी मध्येच कलंडली तर इंजिन वाचावं म्हणून. खोलीची मर्यादा टायर आणि प्रवाह ठरवतात. नवख्याने स्थिर पाण्यात एक्सलपर्यंत, सराव झाल्यावर फार तर टायरच्या पाऊण उंचीपर्यंत जावं. वाहत्या पाण्यात एक्सल ही शेवटची रेघ.

हवेचा मार्ग

सुरुवात इथूनच करा, कारण इंजिन मरतं ते बहुतेक वेळा इथूनच पाणी प्यायल्यामुळे.

सीट काढा. एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, सापडेल. झाकण उघडून आधी आत बघा: जुनी पानं, उंदराचं घर, चुरा झालेला फोमचा फिल्टर, काहीही निघू शकतं. नवा फोम घ्या, फिल्टर ऑइल लावा. मग एअरबॉक्सपासून कार्बोरेटरपर्यंतचं रबरी बूट, म्हणजे जोडनळी, बोटांनी वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात. भेग दिसली तर सिलिकॉन फासून वेळ मारून नेऊ नका, पेट्रोलच्या वाफेत ते टिकत नाही. नवं बूट घ्या, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प घ्या.

एअरबॉक्सच्या तळाला पाणी काढायची छोटी नळी किंवा भोक असतं. खोल पाण्यासाठी ते बुचाने बंद करायचं, पण बूच काढता-घालता येईल असंच हवं. झाकणाच्या कडेला नवी रबरी पट्टी लावा आणि तिच्यावर ग्रीसचा पातळ थर द्या.

आता स्नॉर्केल. एअरबॉक्सच्या मूळ तोंडाला प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा रबरी कपलिंग क्लॅम्पसकट बसवायचा आणि त्यातून पीव्हीसी पाइप वर न्यायचा. २०० सीसीला दीड ते दोन इंची पाइप पुरतो. मूळ तोंडापेक्षा बारीक पाइप मात्र कधीच नको. काटकोनी बेंड जितके कमी तितकं बरं, त्याऐवजी पंचेचाळीस अंशाचे दोन घाला. पाइप टाकीच्या कडेने वर आणून फ्रेमला बांधा, हँडलला नव्हे, नाहीतर वळताना ओढला जाऊन सांधा सुटतो. बांधून झाल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. तोंड हँडलच्या उंचीला, मागे किंवा खाली वळलेलं आणि जाळी लावलेलं असावं.

मग परीक्षा. गाडी मोकळ्या जागेत सुरू करा, आयडलवर येऊ द्या आणि स्नॉर्केलचं तोंड तळहाताने घट्ट दाबा. तळहात आत ओढला जातोय असं जाणवेल आणि दोन-तीन सेकंदांत इंजिन घुसमटून बंद पडेल. बंद पडलं नाही, नुसतं अडखळत चालू राहिलं, तर कुठूनतरी हवा आत येते आहे. जिथून हवा येते तिथूनच उद्या पाणी येणार. झाकण, बूट, कपलिंग, बूच, एकेक सांधा दाबत पुन्हा करा. हे न जमलेली गाडी पाण्याजवळही नेऊ नका.

स्नॉर्केलने हवेला थोडा अडथळा होतो. दोन-चार मैल चालवल्यावर प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा छिद्राचा स्क्रू) एक नंबर लहान करून बघा.

एक अपवाद सांगून ठेवतो. २५०आर किंवा तिच्यासारख्या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये हवा-पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतूनच जातं. पाणी गेलं तर ते थेट क्रँकच्या बेअरिंगवर, आणि तिथलं तेल धुऊन नेतं. त्यांना वाळूत पळवा. ओढ्याचं काम फोर-स्ट्रोकचं.

श्वासाच्या नळ्या

स्नॉर्केल झकास बसवलेली गाडीही गुडघाभर पाण्यात मध्येच बंद पडताना दिसते. पाणी आत गेलेलं नसतं, प्लगला ठिणगी असते, आणि काठावर ओढून आणली की पाच मिनिटांत सुरू होते. मालक चक्रावतो. दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या व्हेंट नळीचा असतो.

फ्लोट बाउलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल इंजिनला जातं तेव्हा त्या जागी हवा यावी लागते. ती येते व्हेंटच्या बारीक नळीतून, आणि त्या नळीचं तोंड खाली इंजिनच्या पोटाशी लोंबत असतं. ते पाण्यात गेलं की बाउलचा श्वास कोंडतो, पेट्रोल येणं थांबतं. उपाय स्वस्त आहे: त्याच मापाची लांब नळी घालून तोंड हँडलपाशी न्यायचं. मात्र बाउलच्या तळाला स्क्रू असलेली ड्रेन नळी वेगळी. ती खालीच राहू द्या.

ही परीक्षाही घरी घेता येते. इंजिन चालू ठेवून जुन्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि काय होतं ते बघा. मग नवी नळी घालून तीच बाटली खाली धरा. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की कुणी परत विसरत नाही.

क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे त्याची श्वासाची नळी, दुसरा. तापलेलं इंजिन थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं तोंड पाण्यात असेल तर पाणी वर ओढलं जातं. काही मॉडेलमध्ये ही नळी एअरबॉक्सला जोडलेली असते. एअरबॉक्स नीट सील झाला असेल तर ती तशीच ठेवा. मोकळी लोंबत असेल तर वर न्या. बूच मारून बंद करू नका, आतला दाब वाढून ऑइल सील बाहेर येतील. शाफ्ट ड्राइव्हवाली बिग रेड असेल तर मागच्या गिअर केसचाही व्हेंट शोधून तसाच वर घ्या. पेट्रोल टाकीच्या झाकणाची नळी बहुधा हँडलच्या मधल्या नटात खोचलेली असते. ती तिथेच आहे ना, दुमडली नाही ना, एवढं बघा.

सगळ्या नळ्या एकत्र बांधून हँडलच्या पॅडखाली नेल्या की काम दिसायलाही नीट दिसतं. दर नळीवर खूण करून ठेवा.

वीज, ब्रेक, बाकीचं

प्लग कॅप आणि वायरीच्या सांध्यात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. कॅपचं रबर सैल असेल तर नवीन कॅप. सीडीआय बॉक्स (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल शक्य तितके वर, टाकीखाली. प्रत्येक कनेक्टर उघडायचा, हिरवट गंज खरवडायचा, ग्रीस भरून परत जोडायचा. जिथे कुणी आधी चिकटपट्टी गुंडाळली आहे तिथे ती सोडून सोल्डर आणि हीट-श्रिंक नळी. ज्या मॉडेलमध्ये इग्निशनचा पिकअप (ठिणगी कधी पाडायची ते सांगणारा सेन्सर) इंजिनच्या बाजूच्या छोट्या झाकणाखाली असतो, तिथलं गॅस्केट नवं घाला. इलेक्ट्रिक स्टार्टवाल्या बिग रेडला बॅटरी आणि स्टार्टरचा रिले असतो, त्यांचे टर्मिनलही झाकून घ्या.

दोरी ओढायच्या स्टार्टरच्या झाकणालाही गॅस्केट हवं. हे बहुतेक जण विसरतात, मग महिन्याभराने स्प्रिंग गंजून दोरी परत आत जात नाही.

ब्रेकचं प्रकरण गंभीर आहे. यातल्या बऱ्याच मॉडेलना फक्त मागचा ड्रम ब्रेक. पुढे काहीच नाही. ड्रममध्ये पाणी शिरलं की तुमच्याकडे ब्रेक नाही, एवढं साधं. ड्रमचं झाकण उघडून रबरी सील बदला, आतला गंज घासून काढा, शूची जाडी बघा. एक्सलच्या बेअरिंगला नवे सील आणि बोटींसाठी मिळतं ते वॉटरप्रूफ ग्रीस. चेनला बंद केस असेल तर तळाचं बूच काढून किती पाणी निघतं ते एकदा बघाच.

सायलेन्सरला फार काही करावं लागत नाही. इंजिन चालू असताना धुराचा दाब दोन फूट पाण्यालाही आत येऊ देत नाही. इंजिन बंद पडलं की मात्र पाणी लगेच पाइपात चढतं. काही जण सायलेन्सरही वर वळवतात. हौस असेल तर करा, पण स्पार्क अरेस्टर (धुरातल्या ठिणग्या अडवणारी जाळी) काढू नका. नॅशनल फॉरेस्टमध्ये तो सक्तीचा आहे.

टायरमध्ये हवा किती? या टायरना साधारण २ पीएसआय लागते, हो, दोनच. गाडीच्या पंपावरचा गेज इथे निरुपयोगी आहे, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मागच्या दोन टायरमध्ये थोडा जरी फरक पडला तरी सलग एक्सलमुळे गाडी एका बाजूला ओढते, पाण्यात तर फारच.

आधी कोरड्यावर

या गाडीच्या मागच्या दोन्ही चाकांना डिफरन्शियल नाही, ती एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे नुसतं हँडल वळवून ती वळत नाही, सरळ जाते. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवायचं आणि वजन बाहेरच्या फूटपेगवर दाबायचं, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं. हे सपाट मैदानावर अंगवळणी पडेपर्यंत पाण्याचं नाव काढू नका.

दुसरी सवय पायाची. मोटारसायकल चालवणाऱ्याचा पाय तोल गेला की आपोआप खाली जातो. इथे खाली गेलेल्या पायावर मागचं चाक चढतं, आणि पाय मागे ओढला जातो. तीनचाकीच्या अपघातांतला हा नेहमीचा प्रकार. पाय पेगवरच, काहीही झालं तरी.

ओलांडताना

एकटे जाऊ नका. हेल्मेट, लाइफ जॅकेट, घोट्यापर्यंत घट्ट बसणारे बूट. छातीपर्यंतचे मासेमारीचे वेडर नकोत, पडलात तर त्यात पाणी भरतं. मागच्या ग्रॅब बारला आधीच दोरी बांधून ठेवा, गाडी पाण्यात अडकल्यावर हात खाली घालून बांधत बसायची पाळी येऊ नये.

आधी काठी घेऊन चालत जा. जिथून चालता येत नाही तिथून गाडीही जात नाही. काठीने दर पावलाला खोली बघायची आणि तळ कसला आहे तेही: खडी असेल तर छान, वाळू चालेल, चिकणमाती किंवा बुडालेली झाडं असतील तर दुसरी जागा शोधा. पूर्व टेक्सासच्या ओढ्यांत कॉटनमाउथ हे विषारी साप असतात, काठी त्यासाठीही कामाची. पलीकडचा काठ आधी बघा. उतरायला सोपा आणि चढायला उभा काठ असेल तर ओल्या टायरने चढताना पुढचं चाक उचलतं आणि गाडी मागे उलटते.

प्रवाहाचं गणित कोल्हापूर-कोकणात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना एसटीसुद्धा थांबते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, आणि इथे त्या रेट्यापुढे बावीस इंची टायरची आख्खी बाजू उभी असते, तीही अर्धवट तरंगणारी. चालताना पाण्याने पाय ढकलले जात असतील तर परत फिरा.

इंजिन पाच-दहा मिनिटं निवू द्या. हेडलाइट बंद करा, तापलेला बल्ब थंड पाण्यात फुटतो. दुसरा गिअर काठावरच टाका. हँडलच्या किल स्विचवर, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणावर, अंगठा सहज पोचतो ना बघा.

पाण्यात सावकाश शिरा, धाडकन नाही. पाणी उसळून स्नॉर्केलच्या तोंडापर्यंत जातं. आत गेल्यावर चालण्याच्या वेगाने, एकसारखं अ‍ॅक्सिलरेटर. पुढे छोटी लाट तयार होते, तिच्या मागे राहायचं. मध्ये गिअर बदलायचा नाही, कारण गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सुटतो आणि सायलेन्सरमधला दाब पडतो. पेगवर अर्धवट उभे राहून वजन मागच्या एक्सलवर ठेवा. थोडा प्रवाह असेल तर त्याच्या दिशेने किंचित तिरपं जा, त्याच्याशी झगडत वर नको.

मागचा भाग हलका होऊन एका बाजूला सरकू लागला, तर गाडी तरंगायला लागली आहे. अ‍ॅक्सिलरेटर वाढवून उपयोग नाही. वजन आणखी मागे टाका. पकड आली नाही तर किल स्विच दाबा आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला उतरा. खालच्या बाजूला कधीही नाही: सव्वाशे किलोची गाडी अंगावर येऊन तुम्हाला दगडाशी दाबून धरू शकते. वाहून जाऊ लागलात तर गाडी सोडा, पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे.

मध्येच बंद पडली तर

दोरी ओढायचा मोह होतोच. ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टन त्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. किल स्विच, पेट्रोलचा नळ बंद, आणि मागच्या दोरीने काठावर ओढा.

काठावर गाडी मागच्या ग्रॅब बारवर उभी करा, पुढचं चाक आकाशाकडे. सायलेन्सरमधलं पाणी निघून जातं. बॅटरीवाली असेल तर फार वेळ ठेवू नका. परत तिन्ही चाकांवर आणून प्लग काढा, आणि मगच दोरी सावकाश ओढा, तोंड प्लगच्या भोकापासून दूर ठेवून. पाण्याचा फवारा उडाला तर तो थांबेपर्यंत ओढत राहा. एअरबॉक्सचं बूच काढा, फोम पिळा, कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सोडा.

मग ऑइल. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलंय. गाडी सुरू करू नका, घरी ओढून न्या. ऑइल काढा, स्वस्तातलं नवं भरा, दोन-चार मिनिटं चालवा, पुन्हा काढा. क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, त्याच्या पट्ट्यांमध्ये पाणी अडकून राहतं, म्हणून एकदा बदलून भागत नाही. स्वच्छ दिसेपर्यंत हेच, शेवटी चांगलं ऑइल.

बाहेर आल्यावर

पहिल्या शंभर-दीडशे फुटांत ब्रेक हलका दाबून चालवत राहा, शू तापून कोरडे होतात. ब्रेक परत लागतो याची खात्री झाल्याशिवाय उतारावर जाऊ नका.

घरी पोचल्यावर सिलिंडरच्या पंख्यांमधला चिखल धुवा. इंजिन हवेने थंड होणारं आहे, वाळलेल्या चिखलाखाली ते भाजतं. प्रेशर वॉशर सील आणि बेअरिंगवर मारू नका. ओढ्यात जे पाणी आत गेलं नाही ते त्याने जाईल. ड्रमचं झाकण उघडून वाळवा, चेनला तेल द्या, एअरबॉक्सचं बूच काढून रात्रभर उघडं ठेवा आणि ते बूच हँडलला अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी विसरणार नाही.

टायरच्या खोबणीत अडकलेल्या वनस्पती त्याच काठावर काढून टाका. जायंट साल्विनिया या पाणवनस्पतीने लुइझियाना आणि पूर्व टेक्सासमधली कितीतरी तळी झाकली आहेत, आणि ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते ती अशाच चाकांवरून आणि बोटींवरून. सरकारी जंगलात, उदाहरणार्थ ह्यूस्टनच्या उत्तरेच्या सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टमध्ये, ठरवून दिलेल्या ट्रेलवरूनच जाता येतं, ओढ्यातून लांबवर गाडी चालवता येत नाही. राज्याचं स्टिकर लागतं ते वेगळं. जोरदार पाऊस झाला की ट्रेल बंदही ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी रेंजर ऑफिसला फोन करा.